बूट होताना हार्डवेअर घड्याळावरून सिस्टिमची वेळ लावणे

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात घड्याळे दोन असतात. एक मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, नाण्याएवढ्या सेलवर चालते आणि वीज गेली तरी थांबत नाही. त्याला हार्डवेअर घड्याळ किंवा आरटीसी म्हणतात. दुसरे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत असते आणि संगणक बंद होताच नाहीसे होते. फाइलवर पडणारी तारीख, लॉगमधील नोंदी, क्रॉनची ठरावीक वेळची कामे आणि ब्राउझरने तपासलेली संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत या सगळ्यांचा आधार हे दुसरे घड्याळ असते. त्यामुळे प्रत्येक बूटच्या वेळी पहिल्या घड्याळावरून दुसरे लावून घेणे भाग असते. आजकाल हे काम बहुतेक ठिकाणी आपोआप होते, आणि म्हणूनच ते बिघडल्यावर कोठे पाहावे हे पुष्कळांना सुचत नाही. माझ्या अनुभवात दोष चिपचा क्वचित असतो. त्या चिपमध्ये कोणती वेळ ठेवली आहे याबद्दल तिला वाचणाऱ्याची समजूत एक आणि लिहिणाऱ्याची दुसरी, हेच बहुतेक वेळा मूळ कारण निघते.

पुढे कमांड, फाइलींची नावे आणि त्यांतील अंक उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावेत. घड्याळ बदलणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी सूडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावावे लागते.

चिपला काय कळते आणि काय कळत नाही

आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीत सेलवर चालणारे घड्याळ नव्हते, त्यामुळे डॉस सुरू होताना प्रत्येक वेळी तारीख आणि वेळ विचारत असे. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप आली आणि तिची रचना आजच्या चिपसेटमध्येही जवळपास तशीच पाळली जाते. तिच्यात सेकंद, मिनिट, तास, वार, दिनांक, महिना आणि दोन अंकी वर्ष यांसाठी कप्पे आहेत, परंतु टाइम झोनसाठी कप्पाच नाही. चिपमध्ये दहा वाजले असतील तर ते भारतीय दहा आहेत की यूटीसीचे (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेचे), हे तिच्याकडून कळण्याची सोय नाही. मुंबईने भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही पुष्कळ वर्षे स्वतःची, एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ चालवली होती. त्या काळी नुसत्या काट्यांकडे पाहून ही वेळ कोणती हे जसे सांगता आले नसते, तसेच हे आहे. अर्थ बाहेरून लावावा लागतो, आणि लिनक्समध्ये तो /इटीसी/अ‍ॅडजटाइम या लहानशा फाइलच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेला असतो: तेथे यूटीसी किंवा लोकल यांपैकी एक शब्द असतो. फाइलच नसेल तर यूटीसी असे धरले जाते.

आधी स्थिती पाहून घ्यावी

काहीही बदलण्यापूर्वी टाइमडेटसीटीएल ही कमांड नुसती, पुढे काही न जोडता, चालवावी. ती स्थानिक वेळ, यूटीसी वेळ, आरटीसीतील वेळ, टाइम झोन आणि नेटवर्कवरून वेळ जुळली आहे की नाही, हे सर्व एकाखाली एक दाखवते. सुस्थितीतल्या संगणकावर आरटीसीची वेळ यूटीसी वेळेइतकीच दिसते, टाइम झोन एशिया/कोलकाता असतो, आणि आरटीसी स्थानिक वेळेत आहे का या शेवटच्या ओळीसमोर नो असते. आरटीसीची ओळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसते म्हणून कित्येक जण दचकतात आणि बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) जाऊन ती वेळ 'दुरुस्त' करतात. बिघाडाची सुरुवात बहुधा याच दुरुस्तीपासून होते. बायॉसच्या पडद्यावर यूटीसी वेळ दिसणे हा दोष नाही.

चूक किती तासांची आहे यावरूनही बरेच कळते. घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर चिप आणि सेल दोन्ही ठीक आहेत, फक्त अर्थ लावण्यात गोंधळ आहे. तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर सेल संपला आहे. आणि १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच अशी वेळ दिसली, तर कर्नलला कोणतेही हार्डवेअर घड्याळ सापडलेले नाही, त्याने शून्यापासून मोजणी सुरू केली आहे आणि त्या शून्यात आपल्या टाइम झोनचे साडेपाच तास मिळवले गेले आहेत. चूक काही सेकंदांची किंवा मिनिटांची असेल तर तो स्फटिकाचा दोष, त्याचा विचार पुढे केला आहे.

बूटच्या वेळी हे काम कोण करते

पूर्वी हे काम सुरुवातीच्या स्क्रिप्टांमधून एचडब्ल्यूक्लॉक ही कमांड करीत असे. आता लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (उबुंटूसारख्या तयार आवृत्त्यांत) कर्नल ते स्वतः उरकतो. कर्नल बांधताना (कंपाइल करताना) कॉन्फिग_आरटीसी_एचसीटूसिस हा पर्याय चालू ठेवलेला असेल, तर आरटीसीचा ड्रायव्हर नोंदला जाताच कर्नल तिच्यातील वेळ वाचतो, ती यूटीसी आहे असे मानतो आणि सिस्टिमचे घड्याळ लावतो. एचसीटूसिस या विचित्र दिसणाऱ्या नावाची फोड सोपी आहे: हार्डवेअर क्लॉक टू सिस्टिम. आपल्या कर्नलमध्ये हा पर्याय आहे का, हे /बूट फोल्डरमधील कॉन्फिग या नावाने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये शोधता येते. प्रत्यक्षात काम झाले का हे पाहण्यासाठी /सिस/क्लास/आरटीसी/आरटीसी०/एचसीटूसिस ही फाइल वाचावी. तिच्यात १ असेल तर याच घड्याळावरून वेळ लागली आहे. डीमेसग या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या उत्तरात आरटीसी हा शब्द शोधल्यासही सेटिंग सिस्टिम क्लॉक टू अशी ओळ मिळते आणि तिच्यात बूटच्या क्षणी वाचलेली वेळ यूटीसीमध्ये छापलेली असते. ही ओळ फार उपयोगाची आहे, कारण नंतर नेटवर्कवरून घड्याळ कितीही वेळा बदलले गेले तरी चिपने सुरुवातीला काय सांगितले होते याचा पुरावा तेथे राहतो.

येथे एक बारकावा आहे. चिप फक्त पूर्ण सेकंद सांगते. कर्नल एका दमात ती वेळ वाचतो आणि सेकंदाचा नेमका कोणता भाग चालू आहे हे माहीत नसल्याने स्वतःहून अर्धा सेकंद मिळवतो. म्हणजे या मार्गाने लागलेली वेळ अर्ध्या सेकंदापर्यंत मागेपुढे असू शकते. एचडब्ल्यूक्लॉक मात्र सेकंद पालटण्याची वाट पाहून मगच वाचते, म्हणून तिला थोडा उशीर लागतो आणि वेळ अधिक नेमकी मिळते. घरच्या संगणकावर या फरकाने काहीही बिघडत नाही.

कर्नलनंतर बाकीच्या सेवा सुरू करणारा सिस्टिमडी हा प्रोग्राम येतो. सिस्टिमडी वापरणाऱ्या वितरणांत तो दोन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे अ‍ॅडजटाइमच्या तिसऱ्या ओळीत लोकल असेल, तर कर्नलने यूटीसी समजून लावलेली वेळ तो टाइम झोनच्या फरकाइतकी सरकवतो. दुसरी म्हणजे लागलेली वेळ सिस्टिमडी बांधला गेला त्या तारखेच्याही मागची असेल, तर घड्याळ किमान त्या तारखेपर्यंत पुढे आणतो. त्यामुळे सेल संपलेल्या संगणकावर कधीकधी २००० सालाऐवजी एखादी वेगळीच, अलीकडची पण चुकीची तारीख दिसते, आणि ती कोठून आली याचा उलगडा होत नाही. ती येथून येते.

सिस्टिमडीऐवजी ओपनआरसी वापरणाऱ्या जेंटू किंवा अल्पाइनसारख्या वितरणांत हे काम एचडब्ल्यूक्लॉक नावाची सेवा करते. तिची मांडणी /इटीसी/कॉन्फ.डी/एचडब्ल्यूक्लॉक या फाइलमध्ये असते. तेथे क्लॉक या चलासमोर यूटीसी लिहावे, क्लॉक_एचसीटूसिस समोर येस लिहावे आणि ही सेवा बूट या रनलेव्हलला (सुरू होण्याच्या टप्प्याला) जोडलेली आहे याची खात्री करावी. कर्नल स्वतःच वेळ लावत असेल तर हा दुसरा पर्याय बंद ठेवला तरी चालतो.

यूटीसी ठेवावी की स्थानिक वेळ

माझे मत स्पष्ट आहे: आरटीसीमध्ये यूटीसीच ठेवावी. स्थानिक वेळ ठेवण्याची पद्धत विंडोजमुळे टिकून आहे, आणि एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील तर पुढील प्रकार घडतो. समजा, सकाळचे दहा वाजले आहेत. विंडोजने आरटीसीत दहा लिहून ठेवले. लिनक्सने ते यूटीसीचे दहा समजून त्यात साडेपाच तास मिळवले आणि पडद्यावर दुपारचे साडेतीन दाखवले. मग नेटवर्क जोडले गेले, लिनक्सने खरी वेळ मिळवली आणि आरटीसीत यूटीसीचे साडेचार लिहिले. पुन्हा विंडोज सुरू केल्यावर तेथे पहाटेचे साडेचार वाजलेले. दोन भाडेकरूंनी एकाच भिंतीवरचे घड्याळ आपापल्या गावच्या वेळेप्रमाणे आळीपाळीने फिरवत बसावे, तसा हा खेळ चालतो आणि वापरणारा सेल बदलत राहतो.

यावर उपाय दोन आहेत. विंडोजला यूटीसी शिकवणे हा मला पसंत असलेला उपाय. त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन या वाटेने जावे आणि तेथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाचे ड्वर्ड प्रकारचे मूल्य तयार करून त्याची किंमत १ ठेवावी. या नावातील प्रत्येक इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. त्यानंतर लिनक्समध्ये येऊन टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ० ही कमांड द्यावी. ती अ‍ॅडजटाइमची तिसरी ओळ बदलते आणि त्याबरोबरच सिस्टिमची वेळ आरटीसीत यूटीसी म्हणून लिहिते. म्हणूनच ही कमांड देण्यापूर्वी सिस्टिमची वेळ बरोबर आहे हे पाहिले पाहिजे, नाहीतर चूक चिपमध्ये कायमची बसते.

दुसरा उपाय म्हणजे त्याच कमांडमध्ये ० ऐवजी १ देऊन लिनक्सलाच स्थानिक वेळ मान्य करायला लावणे. कार्यालयाचा संगणक असेल आणि विंडोजच्या रजिस्ट्रीला हात लावण्याची मुभा नसेल, तर हाच मार्ग उरतो. टाइमडेटसीटीएल त्याबद्दल दर वेळी इशारा छापते, आणि तो निष्कारण नाही. कर्नल सुरुवातीला आरटीसीतील वेळ यूटीसीच समजतो, म्हणून बूटच्या पहिल्या काही क्षणांत भारतातील संगणकाचे घड्याळ साडेपाच तास पुढे असते आणि सिस्टिमडी आल्यावर ते झटक्यात मागे येते. लॉग वाचताना सुरुवातीच्या नोंदी भविष्यातल्या दिसतात, आणि त्या क्षणांत फाइल सिस्टिम तपासली गेली तर डिस्कची शेवटची जोडणी (माउंट) भविष्यकाळात झाल्याची तक्रार येऊ शकते. भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलण्याची प्रथा नाही, त्यामुळे आपल्याकडे स्थानिक वेळेचा हा संसार कसाबसा निभतो. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या वाचकांनी मात्र त्या वाटेला जाऊच नये, कारण तेथे वर्षातून दोनदा दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने तोच एक तास आरटीसीत बदलू पाहतात.

हाताने लावण्याची पद्धत

येथे दिशा महत्त्वाची आहे. एचडब्ल्यूक्लॉक --एचसीटूसिस ही कमांड चिपमधील वेळ सिस्टिमला देते आणि एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी ही सिस्टिमची वेळ चिपला देते. बूट होताना पहिली दिशा बरोबर असते. एकदा खरी वेळ मिळाल्यावर दुसरी बरोबर असते. घाईत उलटसुलट झाले तर खरी वेळ पुसली जाऊन खोटी दोन्हीकडे पसरते, म्हणून कमांडच्या शेवटी --टेस्ट जोडून आधी कोरडा सराव करावा. त्यात काहीही प्रत्यक्ष बदलले जात नाही.

पहिल्यांदा मांडणी करताना क्रम असा ठेवावा. टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता या कमांडने टाइम झोन ठरवावा. येथे एशियाचा आणि कोलकात्याचा पहिला वर्ण मोठा असतो. मग नेटवर्कवरून, किंवा नेटवर्क नसेल तर डेट या कमांडने हाताने, सिस्टिमची वेळ बरोबर करावी. त्यानंतर एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी --यूटीसी द्यावी आणि शेवटी एचडब्ल्यूक्लॉक --शो ने चिप वाचून पाहावी. शो ही कमांड वेळ स्थानिक स्वरूपात रूपांतरित करून दाखवते, हे लक्षात ठेवावे, म्हणजे टाइमडेटसीटीएलच्या आरटीसी ओळीशी ती जुळत नाही म्हणून घाबरायला होणार नाही. --यूटीसी हा शब्द प्रत्येक वेळी देण्याची गरज नसते. एकदा दिला की तो अ‍ॅडजटाइममध्ये नोंदला जातो.

घड्याळच नसलेली यंत्रे

रास्पबेरी पाय या एका लहान पाटीवरच्या संगणकाच्या जुन्या मॉडेलांवर आरटीसी नाही. २०२३ च्या पाय ५ वर ती आहे, परंतु तिचा सेल वेगळा घ्यावा लागतो. घड्याळ नसलेल्या पायवर फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा प्रोग्राम बंद होतानाची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या बूटला तीच परत देतो. सिस्टिमडीची टाइमसिंकडी ही सेवाही /व्हार/लिब/सिस्टिमडी/टाइमसिंक/क्लॉक या फाइलच्या तारखेवरून असेच काम चालवते. यामुळे घड्याळ मागे जात नाही, पण यंत्र रात्रभर बंद होते तर ती रात्र हिशेबातून गळते. शेतातील पंपाच्या किंवा हवामानाच्या नोंदी ठेवणारा पाय इंटरनेटशिवाय चालत असेल, तर हे पुरेसे नाही.

अशा यंत्राला डीएस३२३१ चिपचे लहान मॉड्यूल जोडावे. ते आय२सी या दोन तारांच्या मार्गावर ६८ या पत्त्यावर दिसते; आय२सीडिटेक्ट -वाय १ ही कमांड त्याची खात्री करून देते. मग /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलच्या शेवटी डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१ ही ओळ घालावी, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकावे आणि पुन्हा बूट करावे. पत्त्याच्या जागी आता ६८ ऐवजी यूयू दिसले की ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली असे समजावे. पायच्या जुन्या सिस्टिम-प्रतिमांवर (इमेजवर) /लिब/यूडेव्ह/एचडब्ल्यूक्लॉक-सेट या स्क्रिप्टमध्ये सिस्टिमडी आढळल्यास लगेच बाहेर पडा असे सांगणाऱ्या तीन ओळी असतात. त्यांच्या आरंभी हॅश लावून त्या निष्प्रभ केल्याशिवाय बूट होताना सिस्टिमचे घड्याळ लावले जात नाही. आणखी एक सावधगिरी: काही स्वस्त मॉड्यूलांवर सेल चार्ज करणारे सर्किट असते. त्यात चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल बसवून ५ व्होल्टची पिन जोडू नये, ३.३ व्होल्टची जोडावी.

स्फटिकाची चूक

आरटीसीचा ठोका सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालतो. ही संख्या २ चा पंधरावा घात आहे, म्हणून तिला पंधरा वेळा अर्धे केले की बरोबर एक सेकंद हाती येतो. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भाग इतकी चूक धरली, तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५२ सेकंदांचा फरक पडतो. डीएस३२३१ तापमान मोजून स्वतःला सावरते आणि ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये दहा लाखांत दोन भागांच्या आत राहते, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट.

नेटवर्क नसलेल्या संगणकावर ही चूक हिशेबात धरता येते. खरी वेळ लावून एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी द्यावी, आठवडाभर थांबावे, पुन्हा खरी वेळ लावून तीच कमांड --अपडेट-ड्रिफ्ट जोडून द्यावी. दिवसाला किती सेकंद चूक पडते तो आकडा अ‍ॅडजटाइमच्या पहिल्या ओळीत आरंभी येतो आणि त्यानंतर --एचसीटूसिस तेवढी सुधारणा करूनच वेळ लावते. कर्नलचा स्वतःचा मार्ग हा आकडा वाचत नाही. म्हणून ज्याला या सुधारणेची गरज आहे त्याने बूटच्या सुरुवातीला चालणारी एक लहान सिस्टिमडी सेवा लिहून तिच्यातून ही कमांड चालवावी.

नेटवर्क असेल तर हा खटाटोप करू नये. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) वेळ जुळली की कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी सिस्टिमची वेळ आरटीसीत लिहितो आणि तुम्ही मोजलेल्या फरकाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. वेळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या मांडणीत आरटीसीसिंक हा शब्द असल्याची खात्री करावी. नेटवर्क आहे म्हणून आरटीसीकडे दुर्लक्ष करणेही बरे नव्हे: त्याच कामाचा जुना प्रोग्राम एनटीपीडी हजार सेकंदांहून अधिक फरक दिसल्यास बंद पडतो, आणि सुरुवातीची तारीख फार मागे असेल तर प्रमाणपत्रे अजून लागू झालेली नाहीत असे ठरून सुरक्षित जोडण्याच होत नाहीत. वेळेचा स्रोत म्हणून नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर ठेवता येतो. भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था राखते, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनंतर सेवा पुरवणाऱ्या संस्थांना तिच्याशी किंवा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्व्हरशी आपली घड्याळे जुळवावी लागतात.

खात्री

सर्व मांडणी झाल्यावर नेटवर्कची तार काढावी, वाय-फाय बंद करावे, संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे. ही शेवटची गोष्ट आवश्यक आहे, कारण बटण चालू असते तोवर पॉवर सप्लायच आरटीसीला वीज पुरवतो आणि सेल मेलेला असला तरी कळत नाही. याच कारणाने, रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करणाऱ्या घरांत सेल लवकर संपतो. तासाभराने संगणक सुरू करून, नेटवर्क जोडण्यापूर्वीच, डीमेसगमधील ती ओळ वाचावी आणि तिच्यात साडेपाच तास मिळवून मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावे. एक-दोन सेकंदांचा फरक असेल तर काम झाले. तारीखच भलती निघाली, तर सीआर२०३२ सेल काढून मल्टिमीटरने मोजावा. नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित अधिक दाखवतो, आणि २.७ च्या खाली गेलेला सेल पुन्हा आत बसवण्यात अर्थ नाही.